पेन्यांना चिंच लावू नका, ताई

पत्र : माझे वडील रत्नागिरीकडचे. मालवाहू बोटीच्या इंजिनावर तेलवाले होते. 1954 ते 1968 या काळात लिव्हरपूल, ग्लासगो, लंडन अशा फेऱ्या व्हायच्या. सुट्टीवर घरी आले की खिशात उरलेली चिल्लर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. आई गेल्यावर घर आवरताना तो डबा हाती लागला. साठ-सत्तर नाणी आहेत. बहुतेक पेनी, हाफपेनी, काही छोटी, पक्षी असलेली. थोडी नाणी कागदाच्या पुड्यांत आहेत आणि पुडीवर बाबांच्या अक्षरात गाव नि साल आहे. एक जाडजूड काळं नाणं 1797चं आहे. भावाने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, त्यात जुन्या पेनीला दहा लाख मिळतात म्हणे. तो म्हणतो, परदेशी लिलावात विकू आणि निम्मे-निम्मे करू. त्याच्याकडचं रामदरबाराचं 1818चं कंपनी सरकारचं नाणंही त्याने यात ठेवलंय. पुतण्या चिंच-मीठ लावून सगळी लख्ख करायला बसला होता, त्याला थांबवलं. मी निवृत्त शिक्षिका आहे, इतिहास शिकवायचे. महिन्याला हजार-दीड हजार बाजूला काढू शकते. या डब्यापासून सुरुवात करून ब्रिटनची शतकानुशतकांची छोटी नाणी जमवता येतील का? की हे वेड या वयात नको? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

ताई, पुतण्याला थांबवलंत हे फार बरं केलंत. पूजेचा तांब्या चिंचेने लख्ख होतो, कारण आम्ल वरचा काळा थर खाऊन टाकतं आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. त्यात भांड्याचं काही बिघडत नाही. नाण्यावर मात्र तोच थर म्हणजे नाण्याचं वय. तो गेला की उरतो गुलाबी, मेलेल्या कातडीसारखा पृष्ठभाग. कुठलाही संग्राहक तो दहा पावलांवरून ओळखतो आणि किंमत निम्म्याच्याही खाली आणतो. पितळ-तांब्याची पावडर, टूथपेस्ट, लिंबू, राख, सगळ्यांना हेच लागू.

तुमच्या डब्यातल्या छोट्या नाण्यांत 1897 ते 1917च्या दरम्यानची फार्दिंग असतील तर ती जवळपास काळीच दिसतील. ती मळलेली नाहीत. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. तिचा व्यास 20 मिलिमीटर, आणि सोन्याचा अर्धा सॉव्हरिन, म्हणजे अर्ध्या पौंडाचं नाणं, 19 मिलिमीटरच्या थोडा वर. नवं, चकचकीत फार्दिंग संध्याकाळच्या अंधुक उजेडात अर्धा सॉव्हरिन म्हणून खपवणारे महाभाग निघाले. अर्धा सॉव्हरिन म्हणजे 480 फार्दिंग, तेव्हा मोह केवढा असेल बघा. म्हणून 1897पासून रॉयल मिंट फार्दिंग मुद्दाम काळी करूनच बाहेर पाठवू लागली. अशा नाण्याला चिंच लावणं म्हणजे टांकसाळीने केलेलं काम पुसणं.

धूळ-माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा वेळ ठेवा, मऊ सुती कापडावर टिपून घ्या, घासू नका, आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय आत ठेवू नका. एखाद्यावर हिरवी पूड सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा. बस्स, एवढंच.

आता दहा लाखांकडे वळू.

भावाला सांगा, हा व्हिडिओ नवा नाही, फक्त मोबाइल नवा आहे. राणी अॅनचं फार्दिंग 1714 सालचं. त्याच वर्षी 1 ऑगस्टला राणी वारली, त्यामुळे ती नाणी थोडीच निघाली. पण 'जगात फक्त तीनच आहेत' अशी आवई उठली आणि शंभर-दीडशे वर्षं उठतच राहिली. खेड्यापाड्यांतली माणसं आजीच्या पेटीतलं फार्दिंग घेऊन लंडनला जायची आणि हात हलवत परत यायची. प्रत्यक्षात ती काहीशे तरी होती. नाणं दुर्मीळ, किंमत चांगली, पण आख्यायिकेतली संपत्ती कुणाच्या पदरी पडली नाही.

व्हिडिओतली पेनी बहुधा 1933ची. त्या वर्षी बँकांकडे पेन्यांचा साठा भरपूर होता, म्हणून चलनासाठी ती पाडलीच नाहीत. राजाच्या हस्ते बसवायच्या कोनशिलांखाली ठेवायला आणि संग्रहालयांसाठी बोटांवर मोजण्याइतकी तेवढी काढली. लीड्सजवळच्या मिडलटनच्या चर्चमधल्या कोनशिलेखालची पेनी 1970 साली चोरांनी दगड उकरून पळवली. ती काही ग्लासगोच्या गोदीत चहाच्या टपरीवर सुट्टे म्हणून मिळणारी नव्हे.

रामदरबाराच्या नाण्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण ते नाणं नाही. पुढे राम-लक्ष्मण-सीता, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818, कधी 1717, कधी तर 1616. असं काही कंपनीने पाडलेलं नाही. हे हौसेचे बिल्ले आहेत, देवळांबाहेर आणि बाजारात मिळतात. देवघरात ठेवायला काही हरकत नाही. त्याच बाजारात 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणूनही टोप्या घालतात. आणि जुनी नाणी विकून देतो म्हणून कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी 'फी' किंवा 'टॅक्स' मागितला तर फोन ठेवून द्या. बँकेने ऑगस्ट 2021मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलंय की अशा व्यवहाराशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कुणालाही नेमलेलं नाही.

परदेशी लिलावाचं तर नावच काढू नका. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते मुळात कुठूनही आलेलं असो. तुमच्या डब्यातलं जे जुनं तेच भावाला विकायचंय, आणि नेमकं तेच पाठवता येत नाही. उरलेल्या साध्या पेन्यांचे इथे जे मिळतील त्यातून रिक्षाभाडं सुटेल. त्याला हे तोंडी पटणार नाही, तेव्हा दोघांनी मिळून एका रविवारी बसून यादी करा. नाणं, साल, दोन्ही बाजूंचे फोटो, पुडी असेल तर तिचाही फोटो. यादी करता करता तो 'विकू' म्हणायचं आपोआप थांबवेल, किंवा त्याला हवी ती दहा नाणी घेईल. दोन्ही चालेल. वडील त्याचेही होतेच.

त्या पुड्या मात्र कुणालाही देऊ नका. संग्राहक जन्मभर ज्या माहितीसाठी तडफडतात, की हे नाणं कुठे, कधी, कुणाच्या हाती आलं, ती तुमच्या बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलीय. फक्त नाणं आणि तो जुना कागद एकमेकांना चिकटून ठेवू नका, कारण असल्या कागदात आम्ल असतं. नाणं एका पाकिटात, पुडी शेजारी दुसऱ्यात, दोन्हींवर एकच क्रमांक.

आणि या डब्याला 'उरलेली चिल्लर' म्हणून कमी लेखू नका. 15 फेब्रुवारी 1971ला ब्रिटनने शंभर पेन्सचा पौंड केला. तोवर पौंडाचे 20 शिलिंग आणि शिलिंगचे 12 पेन्स होते. त्या दिवसापर्यंत व्हिक्टोरियाच्या काळातल्या पेन्या दुकानांत खुशाल चालत होत्या. 1860 साली ब्रिटनने तांब्याची जाड नाणी बंद करून ब्राँझची पातळ काढली, त्यांचं वजन आणि आकार पुढे शंभर वर्षं तसाच राहिला. त्यामुळे बाबांना 1962 साली लिव्हरपूलमध्ये पाव विकत घेतल्यावर 1862ची पेनी परत मिळणं अगदी साधी गोष्ट होती. डब्यात तुम्हाला केसांचा अंबाडा बांधलेली तरुण व्हिक्टोरिया दिसेल, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी म्हातारी व्हिक्टोरिया दिसेल, मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, एलिझाबेथ. पाच पिढ्यांचे चेहरे एका माणसाच्या खिशात. आज ही नाणी एकेक विकत घेऊन अल्बम भरता येतो, पण तेव्हाचा खरा खिसा कसा होता हे विकत मिळत नाही. म्हणून डबा फोडून नवा संग्रह करू नका. डबा तसाच राहू दे, नवा संग्रह शेजारी सुरू करा.

आधी डबा नीट वाचा. भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. पेनीवर सालाच्या डावीकडे बारीक 'एच' दिसला तर ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची, साल 1912, 1918 किंवा 1919. 'केएन' दिसलं तर किंग्ज नॉर्टनची, 1918 किंवा 1919. ही जरा कमी सापडतात. व्हिक्टोरियाच्या 1870-80च्या दशकातल्या नाण्यांवर तोच 'एच' सालाच्या खाली असतो. ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातला ब्रिटन देश, बसलीय त्या बाजूला 1894पर्यंत मागे दीपगृह आणि जहाज दिसतं, 1895पासून दोन्ही गायब, आणि 1937ला दीपगृह एकटंच परत येतं. 1951ची पेनी दिसली तर जपून ठेवा. त्या सालच्या फक्त 1,20,000 निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक बर्म्युडाला गेल्या. 1950च्याही 2,40,000च. बाकी एलिझाबेथच्या पेन्या ढिगाने आहेत. पक्षी असलेली छोटी नाणी म्हणजे 1937पासूनची फार्दिंग. पक्ष्याचं नाव रेन, ब्रिटनमधल्या अगदी चिमुकल्या पक्ष्यांपैकी एक, हॅरॉल्ड विल्सन पार्करने काढलेला. माझ्या मते तिथल्या विसाव्या शतकातलं हे सगळ्यांत देखणं नाणं, आणि सगळ्यांत स्वस्तही. शिडाचं जहाज असलेली हाफपेनी इंग्रज दर्यावर्दी ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड'ची. बोटीवरच्या माणसाच्या डब्यात ती जास्त निघाली तर मला नवल वाटणार नाही.

तुम्ही इतिहास शिकवायचात म्हणून एक जोडी खास तुमच्यासाठी. 1948ची कुठलीही पेनी किंवा हाफपेनी घ्या आणि 1949ची शेजारी ठेवा. राजा तोच, डोकं तेच. 1948च्या कडेला बाकी लॅटिनच्या शेवटी 'आयएनडी आयएमपी' अशी तुटक अक्षरं आहेत, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. 1949च्या नाण्यावर ती नाहीत. पेन्यांवर ही अक्षरं 1895ला आली होती आणि 54 वर्षांनी निमूट निघून गेली. नेहरूंचं भाषण आणि माउंटबॅटनचे फोटो आपण वर्गात दाखवतो. साम्राज्य गेलं ही बातमी ब्रिटनमधल्या भाजीवाल्याच्या गल्ल्यापर्यंत कशी पोचली ते या जोडीत दिसतं. दोन्ही नाणी अगदी साधी, मिळून एका वडापावाच्या प्लेटीएवढी. पण दोन्ही डब्यातच असतील, बघा.

आता ते 1797चं काळं नाणं. ते बाबांना सुट्ट्यात मिळालेलं नाही, कुठल्या तरी रस्त्यावरच्या बाजारात विकत घेतलं असणार. त्याची कड रुंद आणि उंच आहे का? आणि राजाचं नाव त्या उंच कडेत खोल कोरल्यासारखं आहे का? असेल तर ती 'कार्टव्हील' पेनी. बैलगाडीच्या चाकासारखी जाड कड म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने ती त्याच्या सोहो टांकसाळीत वॅटच्या वाफेच्या यंत्रावर पाडली. भिंगातून ब्रिटानियाच्या ढालीखालचा खडक पाहा, तिथे इवलंसं 'सोहो' लिहिलेलं असतं. तिच्या हातात भाल्याऐवजी त्रिशूळ आला तोही इथेच पहिल्यांदा.

एवढं जड नाणं का? त्याआधीची पन्नास वर्षं ब्रिटनमध्ये तांब्याच्या नाण्यांचा नुसता बाजार मांडला गेला होता. सरकार हाफपेन्या पुरेशा पाडत नव्हतं आणि गिरणीवाल्यांना मजुरी द्यायला सुट्टे नव्हते. बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांतून खोट्या हाफपेन्यांचा पूर आला. काही वस्ताद तर कायद्यालाच बगल द्यायचे. नाण्यावर राजाच्या नावाऐवजी त्याच्यासारखंच दिसणारं 'जॉर्ज रूल्स' असलं काही तरी छापायचे, म्हणजे राजाचं नाणं नकललं असा आरोप टिकायला नको. लिहिता-वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय कळणार? वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या तांब्याच्या खाणीने 1787ला स्वतःच्याच पेन्या काढल्या, एका बाजूला दाढीवाल्या ड्रुइडचं, म्हणजे प्राचीन पुरोहिताचं, डोकं असलेल्या. मग शेकडो व्यापाऱ्यांनी तोच कित्ता गिरवला. बोल्टनने यावर काढलेला उपाय असा, की नाण्यात जवळपास त्याच्या किमतीचंच तांबं घालायचं. मग खोटं पाडून परवडणार कुणाला? पेनी बरोबर एक औंस, दोन पेनीचं नाणं दोन औंस. दुकानदारांनी ती वजनं म्हणून तराजूत वापरली आणि लोकांचे खिसे फाटले. खरं असेल तर तुमचं नाणं 28 ग्रॅमच्या आसपास भरेल, झिजून थोडं कमी. पॉकेटात मावणारा वजनकाटा ऑनलाइन मिळतो, तो संग्राहकाला भिंगाइतकाच लागतो.

याच सोहोचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794 सालचे तांब्याचे पैसे बोल्टननेच पाडले. म्हणजे ब्रिटनच्या राजाने त्याला काम देण्याआधी त्याचं नाणं मुंबईच्या बाजारात चाललं होतं. एका बाजूला कंपनीचं बदामासारखं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. पुढे फोर्टमधल्या टांकसाळीची वाफेची यंत्रंही बोल्टन-वॅटकडूनच आली. कार्टव्हीलच्या शेजारी तो 1794चा पैसा ठेवायला मिळाला तर जोडी जमेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जमवता येईल का? येईल. पण 'सगळी छोटी ब्रिटिश नाणी' असं ठरवलंत तर दोन वर्षांत कंटाळाल. ग्रोट म्हणजे चार पेनी आहे, तीन पेनी आहे, सहा पेनी आहे, प्रत्येकाची वेगळी दुनिया आणि चांदी आली की भाव वर. एकच धरा, आणि धरायचंच तर फार्दिंग धरा. आजपासून मागे जायचं. सगळ्यांत गरिबाचं नाणं, म्हणून सगळ्यांत जास्त झिजलेलं, म्हणून आपल्याला परवडणारं. आपल्याकडच्या हिशेबातही ते चपखल बसतं. 1899ला पंधरा रुपयांना एक सॉव्हरिन असा भाव कायद्याने पक्का झाला, म्हणजे रुपयाला 16 पेन्स. रुपयाचे आणे 16. एक आणा म्हणजे एक पेनी, एक पैसा म्हणजे एक फार्दिंग, आणि एक पै म्हणजे फार्दिंगचा तिसरा हिस्सा. असं तिसऱ्या हिश्शाचं नाणंही ब्रिटनने पाडलं होतं बरं का, माल्टासाठी, 1913पर्यंत. आजोबांचा पैसा आणि लंडनच्या पोराचं फार्दिंग पहिल्या महायुद्धापर्यंत एकाच मोलाचं होतं.

1956 हे फार्दिंगवरचं शेवटचं साल, 1960च्या अखेरीला ते चलनातून गेलं. तिथून 1860पर्यंतचा रस्ता सोपा आहे, एकेक नाणं एक-दोन पौंडांत मिळतं, आणि त्यांतली काही तुमच्या डब्यातच असतील. कापडवाले भाव लावायचे तो अकरा पेन्स आणि तीन फार्दिंग असा, आपल्या 99 रुपयांसारखा. उरलेलं एक फार्दिंग परत देण्याऐवजी टाचण्यांचा कागद हातावर टेकवायचे. 1860च्या मागे तांबं लागतं: व्हिक्टोरिया, चौथा विल्यम, चौथा जॉर्ज, मग बोल्टनची 1799 आणि 1806-07ची. अठराव्या शतकातली तिसरा आणि दुसरा जॉर्ज यांची नाणी चेहरा ओळखू येण्याइतपत घ्या, जास्त खर्च करू नका. अॅनचं सोडून द्या. एका मोकळ्या जागेने काही बिघडत नाही.

सतराव्या शतकात शिरलात की मग मजा. 1684 ते 1692 ही फार्दिंग चक्क कथलाची होती. कॉर्नवॉलच्या कथील खाणींना काम हवं होतं आणि सरकारला नफा. खोटी ओळखावीत म्हणून मधोमध तांब्याची चौकोनी खुंटी ठोकलेली. पण ती लवकर खराब होतात, आपल्या दमट हवेत तर विचारू नका, आणि बरी दिसणारी महाग. त्याऐवजी दुसऱ्या चार्ल्सचं 1672 ते 1679चं तांब्याचं फार्दिंग घ्या. ब्रिटानिया ब्रिटिश नाण्यावर आली ती इथून, आणि तिच्यासाठी दरबारातली सुंदरी फ्रान्सेस स्ट्युअर्ट हिने बैठक दिली असं म्हणतात. त्या झिजलेल्या तांब्यात तिचं सौंदर्य शोधायला भिंगही कमी पडेल.

त्याच्या लगेच मागे माझा सगळ्यांत आवडता टप्पा आहे, आणि पैसे कुठे घालायचे विचाराल तर तिथे घाला. 1648 ते 1672 या काळात सरकारी फार्दिंग जवळजवळ नव्हतंच. पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवलेलं, त्याच्याविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलचं राज्य, नंतर राजा परत आला, पण सुट्ट्यांकडे लक्ष कुणाचं? मग गावोगावचे वाणी, मेणबत्तीवाले, खानावळवाले, बेकरीवाले यांनी आपापली फार्दिंग पाडून घेतली. या खाजगी नाण्यांना टोकन म्हणतात. नखाएवढ्या पत्र्यावर दुकानदाराचं नाव, गावाचं नाव, धंद्याचं चिन्ह. मागच्या बाजूला बहुतेकदा तीन अक्षरांचा त्रिकोण असतो: वर आडनावाचं अक्षर, खाली एकीकडे नवऱ्याचं, दुसरीकडे बायकोचं. बायकोचं अक्षर नाण्यावर, 1660च्या इंग्लंडमध्ये! राणीला सोडून कुठल्या बाईला तो मान मिळाला होता? हजारो प्रकार आहेत. एखादं गाव निवडा, किंवा बाबांच्या बोटीची बंदरं निवडा. लंडन भरपूर मिळतं, लिव्हरपूल तेव्हा अगदी छोटं होतं. बरं टोकन तुमच्या दोन-तीन महिन्यांच्या बचतीत येईल.

त्यामागे 1613 ते 1644ची हॅरिंग्टन, रिचमंड, रोझ ही फार्दिंग. राजाने दरबाऱ्यांना मक्ते देऊन काढलेली, कागदासारखी पातळ आणि लोकांना मुळीच न आवडलेली. एक घ्या आणि पुढे चला. पहिल्या एलिझाबेथने फार्दिंग पाडलंच नाही. चांदीचं फार्दिंग एव्हाना इतकं चिमुकलं झालं होतं की हातात धरवेना. तिने युक्ती केली, पाऊण पेनीचं नाणं काढलं. गिऱ्हाईक एक पेनी देई, दुकानदार पाऊण पेनी परत करी, फार्दिंगचा सौदा फार्दिंगशिवाय पुरा! राणीच्या डोक्यामागे गुलाब असतो ती ही, 1561 ते 1582.

आणि अगदी तळाशी पहिला एडवर्ड. 1279च्या नव्या नाणेपाडणीत गोल फार्दिंग नियमित आलं, चांदीचं, अर्ध्या ग्रॅमच्याही आत. ते बोटाच्या पेरावर ठेवून श्वास सोडला तरी हलतं. त्याआधी लोक काय करायचे? पेनीच कापायचे. मागच्या बाजूला क्रूस असायचाच, त्याच्या रेघेवरून कात्री चालवली की दोन हाफपेन्या, आणखी एकदा चालवली की चार फार्दिंग. ती पाचरीसारखी चतकोर आजही शेतांत सापडतात. इथवर यायला तुम्हाला चार-पाच वर्षं लागतील. लागू देत.

निवृत्तीच्या वयात हे वेड हवं का, असं विचारलंत. याला चष्मा, भिंग आणि दुपारचा निवांतपणा लागतो. तरुणांकडे यातलं एकच असतं.

खरेदीबद्दल दोन शब्द. शतकांपूर्वीची नाणी ब्रिटनमधल्या जुन्या, नाणेव्यापाऱ्यांच्या संघटनेचे सदस्य असलेल्या व्यापाऱ्यांकडूनच घ्या. महिन्याला एक मागवण्यापेक्षा तीन-चार महिन्यांनी एकदम मागवा, नाहीतर टपालखर्च आणि कस्टम्स नाण्याहून जास्त होतात. लिलावात बोलीवर वेगळं कमिशन लागतं, ते धरूनच आकडा ठरवा. शेतात सापडलेलं मध्ययुगीन नाणं असेल तर कुठे सापडलं हे लेखी विचारा. तिथे 1996चा ट्रेझर अॅक्ट आहे, नोंदीशिवायच्या मालाला हात लावू नये. सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची नोंदवही इंटरनेटवर फुकट बघता येते. तिच्यात हजारो फार्दिंग आणि टोकनांचे फोटो आहेत. पैसे देण्याआधी महिनाभर रोज थोडं तेच चाळा, डोळा तयार होईल. इथल्या जत्रेत किंवा फुटपाथवर कुणी एडवर्डची पेनी दाखवली तर हसून पुढे जा.

ठेवण्यासाठी मऊ, वासाच्या प्लास्टिकचे अल्बम आणू नका. त्यांतून कालांतराने हिरवा चिकट थर सुटतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलरची पारदर्शक फिल्म असलेल्या खिडक्या मिळतात, त्या घ्या. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने नाणी काळी पडतात. डोंबिवलीचा पावसाळा लक्षात घेऊन डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर त्या दर महिन्याला बदला. नाणं नेहमी कडेने धरा. पुतण्यालाही हे शिकवा, यादीचं काम त्यालाच द्या. आणि सवड काढून एकदा नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात जाऊन या, नाणी कशी मांडतात आणि नोंद कशी ठेवतात ते तिथे पाहायला मिळेल. जाताना भावाला न्या. गाडी त्याला चालवू द्या.